बोर्डिंगच्या गावाचं राहिलेलं काम

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातल्या मुलाचं नाव तिथल्या पटावरून कमी होतं. आदल्या दिवसापर्यंत त्याचं जेवण, कपडे, शाळेचा खर्च, दुखणंखुपणं ही शासनाची जबाबदारी असते. त्यानंतर त्याने शहरात कॉट बेसिसवर जागा शोधायची, डिपॉझिटचे पैसे उभे करायचे, भाडेकरारासाठी ओळखीचं माणूस दाखवायचं, खानावळ लावायची आणि हे सगळं जमवून पुढचं शिक्षणही चालू ठेवायचं, अशी आपली अपेक्षा असते. बारावीची परीक्षा आणि हा वाढदिवस बहुतेकदा मागेपुढेच येतात. ज्या वर्षी मुलाला आधाराची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच वर्षी तो सुटतो.

त्याच शहरातल्या इतर घरांत अठराव्या वर्षी काय घडतं? वडील मुलाबरोबर कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहतात. मुलगी पुण्याला गेली तर आई दर पंधरवड्याला एसटीतून डबा पाठवते. पोरगा चोविसाव्या वर्षी पोलीस भरतीची तिसरी खेप देत असला तरी घरात त्याचं ताट मांडलेलं असतं, आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. जे आपण आपल्या पोटच्या पोरांसाठी पंचविशीपर्यंत करतो, ते ज्यांना आईबाप नाहीत त्यांना अठराव्या वर्षी नाकारण्याचं कुठलंही समर्थन मला सापडत नाही.

हा प्रश्न कोल्हापूरने हाती घ्यावा, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी आधार नसलेल्या पोरांना वर येण्यासाठी काय काय लागतं, याचा विचार या गावात झाला आणि तो अमलातही आला. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून या शहराचा गौरव होतो. तो गौरव खरा आहे, पण त्या बोर्डिंगमागचा विचार आपण अर्धाच उचलला. इमारती जपल्या, जयंत्या केल्या आणि त्या व्यवस्थेचा कणा मात्र विसरलो. मूल आत आल्यापासून ते स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतची सलग वाट, हा तो कणा होता.

ती वाट कशी बांधली गेली, ते पाहण्यासारखं आहे. 18 एप्रिल 1901 रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी, 1906 साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आणि 1908 साली मिस क्लार्क यांच्या नावाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी बोर्डिंग उभं राहिलं. पुढच्या काळात ही संख्या वीसच्या आसपास गेली. पण त्याआधी, 1896 साली, राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं असलेलं एक वसतिगृह शाहू महाराजांनी काढून पाहिलं होतं. कागदावर ते सर्वांचं होतं. प्रत्यक्षात ब्राह्मणेतर मुलं तिथे टिकली नाहीत. सर्वांसाठी उघडलेल्या दारातून आधीच दारापाशी उभे असलेलेच आत जातात आणि खेड्यातून पहिल्यांदा आलेलं पोर बाहेरच राहतं, हे महाराजांनी अनुभवातून ओळखलं. मग जो मागे आहे त्याच्यासाठी खास दार उघडावं लागतं, हे तत्त्व त्यांनी राज्यकारभारात आणलं.

आजच्या सेवांना हा धडा जसाच्या तसा लागू आहे. शिष्यवृत्ती सर्वांसाठी आहे, वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन आहे, बँकेचं खातं कुणीही काढू शकतं. पण अर्जासोबत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा पुरावा, पालकाची सही आणि पालकाचं आधार कार्ड लागतं. ज्याला आपला बाप कोण हेच ठाऊक नाही, त्याने जातीचा पुरावा कुठून आणायचा? ज्याचा कायमचा पत्ता एका संस्थेचा होता आणि तो पत्ताही आता सुटला, त्याने अधिवास कसा सिद्ध करायचा? ही मुलं एकेका रकान्यात अडकतात. योजना कुणी नाकारलेली नसते, तरी ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

शाहूंच्या कामाचा दुसरा धडा याहून मोठा आहे. बोर्डिंग निघाल्यानंतर सव्वा वर्षात, 26 जुलै 1902 रोजी, करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एक शिक्षणाच्या, दुसरी आरक्षणाच्या. खरं तर ती एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत. मुलाला खेड्यातून आणून बोर्डिंगमध्ये ठेवलं, शिकवलं आणि शेवटी त्याला नोकरीच मिळाली नाही, तर त्याच्या मागून कुठला बाप आपलं पोर पाठवेल? 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, तेव्हाही हाच विचार होता. शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, पण त्याच वेळी शाळा काढण्याची आणि चालवण्याची जबाबदारी दरबाराने घेतली. सक्ती आणि सोय एकत्र आली.

गंगाराम कांबळे यांची हकिगत कोल्हापुरात सर्वांना माहीत आहे. अस्पृश्यतेपायी मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, जेणेकरून गिऱ्हाइकं येतील. आपण ही गोष्ट जातिभेदाविरुद्धच्या धैर्याची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण आधार देण्याची रीत म्हणूनही ती वाचली पाहिजे. भांडवल दिलं, तिथेच काम संपवलं नाही. दुकान चालेपर्यंत ते पाठीशी उभे राहिले. मदत कुठे थांबवायची, हे मदत करणाऱ्याच्या सोयीने ठरलं नाही. समोरचा माणूस उभा राहिला की नाही, यावरून ठरलं.

आता आजच्या यंत्रणेकडे पाहू. बाल न्याय कायदा 2015 साली झाला आणि 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे, तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतून ‘मिशन वात्सल्य’ चालतं. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे. तिचं अनुदान 2023 साली दरमहा 1100 रुपयांवरून 2250 रुपये झालं. अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण 2018 साली मिळालं. स्पर्धा परीक्षेत गुण असूनही कुठल्याच प्रवर्गात न बसल्यामुळे अडकलेल्या एका अनाथ तरुणीने हा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपुढे मांडला आणि त्यातून तो निर्णय झाला. एका मुलीच्या बोलण्याने राज्याचं धोरण बदलतं, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

कायद्याने अठरानंतरचाही विचार केला आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, तरतूद आहे. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा 4000 रुपये धरले आहेत. मग अडचण कुठे येते?

अडचण सांध्यांवर येते. बालगृह एका यंत्रणेचं, वसतिगृह समाजकल्याणचं, शिष्यवृत्ती शिक्षण खात्याची, प्रशिक्षण कौशल्य विभागाचं आणि नोकरी खासगी कारखान्याची. प्रत्येकाची रांग वेगळी, कागद वेगळे, मुदत वेगळी. घरच्या मुलाच्या बाबतीत हे सांधे जोडायचं काम आईबाप करतात. दाखल्यासाठी तहसीलमध्ये हेलपाटे बाप घालतो, प्रवेशाची तारीख आई लक्षात ठेवते, ओळखीच्या माणसाला फोन काका करतो. संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणासाठी हे काम करायला कुणीच नेमलेलं नाही. अडचणीतल्या मुलांसाठी 1996 साली मुंबईत सुरू झालेला 1098 हा क्रमांक आज देशभर माहीत आहे, पण तो मुलांसाठी आहे. एकोणिसाव्या वर्षी खोलीवरून हाकललेल्या पोराने कुणाला फोन करायचा?

बालगृहातून बाहेर पडणारे हे तरुण मोठ्या समूहाचा एक लहान भाग आहेत. कोल्हापूर सुखवस्तू जिल्हा आहे. ऊस आहे, दूध आहे, सहकार आहे, हुपरीची चांदी आणि इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत. या सुबत्तेमुळेच इथली आधाराविना वाढणारी मुलं नजरेत भरत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्याबरोबर मुलं येतात. पंधरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधतो, तेरा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते आणि भाकऱ्या थापते. वर्षातले पाच-सहा महिने ही मुलं आपल्या जिल्ह्यात असतात आणि त्यांची नावं दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेच्या हजेरीपटावर असतात. दोन्हीकडे ती गैरहजरच. वीटभट्ट्यांवरच्या कुटुंबांचीही हीच गत आहे. कोल्हापुरात अनुराधा भोसले आणि त्यांच्या ‘अवनि’ संस्थेने वीटभट्टीवरच्या मुलांना शाळेच्या वाटेवर आणण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आखली, कारखान्यांकडून गाळपाच्या प्रमाणात निधी घेण्याचं ठरवलं. मुलं गावातच राहावीत, ही त्यामागची दिशा योग्य आहे. पण जोवर एकही मूल फडावर येतं आहे, तोवर ज्या जिल्ह्यात ऊस तोडला जातो त्या जिल्ह्याचीही जबाबदारी उरते.

तिसरा गट आपल्या शेजारचाच आहे. वडील गेलेली, आई धुणीभांडी करणारी किंवा शेतमजुरीला जाणारी मुलं. यांतली कितीतरी बालगृहात येतात ती केवळ शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. त्यांना आई आहे, आजी आहे, गावात घर आहे, फक्त घरात पैसा नाही. अशा मुलाला बालगृहात ठेवणं म्हणजे गरिबीवर उपाय म्हणून त्याला आईपासून तोडणं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, असं कायदाही सांगतो. इथे शाहूंच्या काळचं बोर्डिंग आणि आजचं बालगृह यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. बोर्डिंगमधलं पोर सुटीला गावी जात असे. त्याची नाळ तुटत नसे. आजही एकट्या आईच्या मुलाला आधी बालसंगोपनाचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत, मग गरज असेल तर वसतिगृह, आणि यातलं काहीच शक्य नसेल तेव्हाच बालगृह. हा क्रम पाळला तर खरोखर निराधार असलेल्या मुलांकडे पुरेसं लक्ष देता येईल.

पैशांचा प्रश्न येणारच, म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा जिल्ह्यात पुढच्या सांभाळाची गरज असलेले शंभर तरुण आहेत. दरमहा 4000 प्रमाणे एकाचे वर्षाचे 48,000 आणि शंभरांचे 48 लाख रुपये होतात. मिशन वात्सल्यमध्ये केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के, म्हणजे राज्याला पडतात 19 लाख 20 हजार. एका जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात ही रक्कम जड नाही. शिवाय जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. तो शिलाई यंत्रं आणि सायकली वाटण्यात जातो की एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी, हे गावाने ठरवायचं आहे.

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, मतदान करतो, मग त्याने स्वतःचं बघावं. सतत हात धरला तर तो कायमचा परावलंबी होईल. पण शासनाने स्वतःच हा युक्तिवाद एकदा बाजूला ठेवला आहे. कोरोनात आईवडील गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने केलेल्या योजनेत अठराव्या वर्षापासून पाच वर्षं दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी 10 लाख रुपये, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रानेही अशा मुलांच्या नावे 5 लाखांची ठेव ठेवली. हे अतिशय योग्य झालं. अठरा ते तेवीस ही पाच वर्षं नाजूक असतात, ही गोष्ट त्या योजनेने अधिकृतपणे मान्य केली. मग ज्याचे आईवडील अपघातात गेले, सर्पदंशाने गेले, कर्जापायी गेले किंवा ज्याला जन्मतःच कुणीतरी सोडून दिलं, त्याची तीच पाच वर्षं कमी नाजूक कशी? अनाथपणाचं कारण बदललं म्हणून गरज बदलत नाही.

इतर ठिकाणी हा विचार पुढे गेला आहे. इंग्लंडने 2000 साली कायदा करून शासनाच्या सांभाळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणाला स्वतःचा असा एक सल्लागार दिला, आणि 2017 च्या कायद्याने ही सोय पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढवली. आपल्याच देशात हिमाचल प्रदेशाने 2023 साली सुख आश्रय योजना आणून निराधार मुलांना राज्याची मुलं मानलं आणि त्यांची जबाबदारी सत्ताविसाव्या वर्षापर्यंत स्वीकारली. हिमाचल हे छोटं डोंगरी राज्य आहे. ते करू शकतं, तर महाराष्ट्राला काय अडचण आहे?

दुसरा आक्षेप इतिहासाचा. कोल्हापूरची बोर्डिंगं जातवार होती, त्यांचा आदर्श आज कसा घ्यायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर याच मातीतून मिळालं. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला. परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात असं बोर्डिंग सुरू केलं, जिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत. त्या पंगतीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाहूंनी मागे राहिलेल्यांसाठी दार उघडलं, भाऊरावांनी आतल्या भिंती पाडल्या. आपल्याला या दोघांच्या पुढे जायचं आहे. आज सर्वांत मागे ते मूल आहे ज्याला जातीचाही आधार नाही, ज्याच्यासाठी कुठल्याही समाजाची कार्यकारिणी बैठक घेत नाही. जुन्या बोर्डिंगमागे एकेक समाज उभा होता. या मुलांमागे सगळ्या गावाला समाज म्हणून उभं राहावं लागेल.

तिसरा आक्षेप कोल्हापूरकर बोलून दाखवत नाहीत, पण मनात असतो. आपण तर मदत करतोच. वाढदिवसाला संस्थेत जेवण देतो, दिवाळीला फराळ आणि कपडे नेतो. ही माया खरी आहे आणि तिचा अनादर करण्याचा हेतू नाही. तिची दिशा थोडी बदलायला हवी, एवढंच सांगायचं आहे. आठ वर्षांच्या मुलाभोवती माणसं सहज जमतात. एकोणीस वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या, अबोल आणि थोड्या तुसड्या पोराभोवती कुणी जमत नाही. निरीक्षणगृहातून आलेला असेल तर नाहीच नाही. त्याला जेवणाच्या पंगतीपेक्षा खोलीचं डिपॉझिट, वाहनाचा परवाना, स्पर्धा परीक्षेची फी आणि ‘हा माझ्या ओळखीचा आहे’ असं म्हणणारा माणूस हवा असतो. त्या एका वाक्याने कोल्हापुरात किती दारं उघडतात, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

मग करायचं काय? माझ्या मते पाच गोष्टी कोल्हापूर जिल्ह्याने लगेच हाती घ्याव्यात.

पहिली, तयारी सोळाव्या वर्षी सुरू व्हावी. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करण्याचं कायद्यातच आहे. त्या योजनेत सोळाव्या वर्षापासून बाहेर पडण्याचा भाग असावा. आधार कार्ड, अनाथ प्रमाणपत्र, बँक खातं, अधिवास आणि शाळेचे दाखले यांची पूर्ण फाईल हातात दिल्याशिवाय कुठल्याही मुलाला संस्थेतून निरोप देऊ नये. एक टक्का आरक्षणाचा लाभ प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. प्रमाणपत्रासाठी मुलाने बाहेर पडल्यावर वणवण करायची, हे थांबलं पाहिजे.

दुसरी, प्रत्येक तरुणाच्या वाट्याला एक माणूस असावा आणि तो किमान तेविसाव्या वर्षापर्यंत बदलू नये. वर सांगितलेले सांधे जोडण्याचं काम त्याचं. हे काम करू शकणारे बाल संरक्षण कक्षातले बहुतेक कर्मचारी आज कंत्राटी आहेत, मानधनावर आहेत. कर्मचारी बदलला की मुलाला आपली दुःखाची कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. दोनतीनदा असं झालं की ते सांगणंच बंद करतं. म्हणून या कर्मचाऱ्यांची नोकरी स्थिर करणं, त्यांना पुरेसा पगार आणि प्रवासखर्च देणं हा मुलांच्याच हक्काचा भाग आहे. समिती आणि मंडळावरच्या नेमणुकाही जुनी मुदत संपण्याआधी झाल्या पाहिजेत. समितीच नसेल तर मुलाने कुणापुढे उभं राहायचं?

तिसरी, राहण्याची सोय. शासकीय वसतिगृहांनी, शिवाजी विद्यापीठाने, महाविद्यालयांनी आणि शहरातल्या जुन्या बोर्डिंगांनी प्रत्येकी काही जागा अशा तरुणांसाठी राखाव्यात, आणि त्या सुटीतही चालू ठेवाव्यात. मे महिन्यात वसतिगृह रिकामं करा म्हटल्यावर बाकीची मुलं गावी जातात. ज्याला गावच नाही, त्याने दोन महिने कुठे काढायचे, याचा विचार नियम करताना झालेला नसतो. भाऊरावांनी रुजवलेली कमवा आणि शिका ही रीत विद्यापीठात आहे. तिच्यातही या विद्यार्थ्यांना आधी स्थान द्यावं.

चौथी, रोजगार. शिवाजी उद्यमनगरात एका पिढीने शाळेचा दाखला न बघता पोरांना हाताखाली घेतलं आणि मिस्त्री केलं. त्या कारागिरीवर कोल्हापूरचं इंजिन आणि फाउंड्रीचं नाव देशभर झालं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींनी, दूध संघांनी आणि साखर कारखान्यांनी आपापल्या शिकाऊ जागांपैकी काही जागा या तरुणांना द्याव्यात आणि पहिल्या वर्षी त्यांच्याकडे लक्ष देणारा एक जुना कामगार नेमावा. नोकरी मिळणं अवघड असतं, पण पहिले सहा महिने ती टिकवणं त्याहून अवघड. साहेब रागावला तर काय करायचं, आजारी पडलं तर कुणाला कळवायचं, पगारातलं किती बाजूला ठेवायचं, हे घरात शिकायला मिळतं. ज्यांना घर नव्हतं त्यांना ते कामाच्या जागी शिकवावं लागेल.

पाचवी, गावपातळीची यंत्रणा जिवंत करावी. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी आणि अंगणवाडी सेविका तिची सचिव. ही समिती खरोखर बसली, तर शाळा सोडलेला मुलगा, लग्न ठरवलेली अल्पवयीन मुलगी, फडावरची भावंडं आणि वडील गेलेलं घर गावालाच आधी कळेल. गावच्या ठरावाने काय होतं, असं कुणी म्हणेल. याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाने हात वर केले आणि महाराष्ट्राला दखल घ्यावी लागली. बांगड्या आणि कुंकू राखण्याचा ठराव झाला, त्याच्या पुढचं पाऊल त्या विधवेच्या मुलांचं शिक्षण हे आहे. गावातल्या प्रत्येक एकल पालकाच्या मुलाचा बालसंगोपनाचा अर्ज भरून घेऊ, अठरानंतरही त्याच्या मागे राहू, असा ठराव जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी करावा. पेठांमधल्या तालमींनी आणि तरुण मंडळांनीही आपल्या भागातल्या एकेका मुलाचं पालकत्व घ्यावं. उत्सव करण्याची ताकद ज्यांच्यात आहे, त्यांच्यात हे करण्याची ताकद नक्की आहे.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांना बोलावलं गेलं पाहिजे. संस्थेत वाढून आज नोकरीत, व्यवसायात, संसारात स्थिरावलेले अनेक तरुण-तरुणी आहेत. कुठल्या टप्प्यावर पाय घसरतो आणि कुणाच्या हाताने सावरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. जिल्ह्याची योजना ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची असावी. आरक्षणाचा निर्णय एका अनाथ मुलीच्या आवाजाने झाला, याचा अर्थच असा की हे आवाज ऐकण्याची कायमची सोय केली तर धोरण अधिक लवकर शहाणं होईल.

दरवर्षी 26 जूनला, शाहू जयंतीला, राज्यभर सामाजिक न्याय दिन साजरा होतो. त्या दिवशी कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एक पत्रक लोकांपुढे ठेवावं. मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या संस्थांतून किती मुलं बाहेर पडली, त्यांतली किती शिकताहेत, किती कामाला लागली, किती जणांना राहायला जागा आहे आणि किती जणांचा पत्ता आपल्याकडे नाही, हे त्यात असावं. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण आपली माणसं हरवली तर आपण शोधतो. तो आकडा दरवर्षी कमी करत शून्यावर आणणं हे काम सरकारचं आहे, कारखानदारांचं आहे, शिक्षणसंस्थांचं आहे आणि या गावात राहणाऱ्या प्रत्येकाचं आहे. ज्या गावाने महाराष्ट्राला बोर्डिंग दिलं, त्या गावाने बोर्डिंगच्या दारापासून पहिल्या पगारापर्यंतची वाटही पूर्ण करून द्यावी.